चंपाबाईचा दम आणि पुंजाजीची गाडी

आसेगावच्या पुंजाजीला गाडीतलं काय कळतं असं कोणी विचारलं, तर तो म्हणायचा, "काय नाही कळत ते विचार." आणि ही काही नुसती बढाई नव्हती. शेलूबाजारच्या चौकातून त्या माणसानं उभी हयात जीप चालवली. आत बसलेल्या सवाऱ्या, मागं लोंबकळणाऱ्या वेगळ्या, टपावर कोंबड्या, पोती आणि कधी कधी नवरदेवाचे मित्र. जीपचा आवाज जरा बदलला की हा म्हणणार, "मागचं डावं चाक बोलून राह्यलं," आणि उतरून पाहावं तर बोलणारं चाक तेच. असल्या माणसाला तुम्ही काय शिकवणार, आणि कोण शिकवणार?

त्याच्या जीपला काचा म्हणून नव्हत्याच. होत्या त्या कधीच फुटल्या, आणि त्यानं परत बसवल्या नाहीत. एक कोपर बाहेर, तोंडाला दुपट्टा, दाढेखाली तंबाखू, असा त्याचा थाट. रस्त्यावर लोक तूर आणि हरभरा पसरून ठेवायचे, गाड्यांच्या चाकांखाली आपोआप मळणी व्हावी म्हणून. पुंजाजी मुद्दाम त्याच्यावरून गाडी घालायचा, कुटाराचा म्हणजे भुशाचा ढग उठायचा आणि शेतकरी हात वर करून 'जय भीम, पुंजाजी' म्हणायचा. इतकी धूळ खाल्ली त्यानं की नाक कधीच मेलं. घरात दूध करपलं तरी चंपाबाईनं ओरडल्यावरच त्याला कळायचं. पण आपल्याला वास येत नाही हे त्यानं कधी कोणापुढं कबूल केलं नाही. विचारलं तर म्हणायचा, "येते ना वास. पण मी ध्यान देत नाही."

चंपाबाईचं उलटं होतं. बायकोला त्याच्यापेक्षा दुप्पट नाक आणि निम्मा दम. जन्मभर लोकांच्या शेतात सोंगणी, मळणीयंत्राच्या तोंडाशी उभं राहून सूप धरणं, घरी आल्यावर चूल. उमर उतरणीला लागली तशी तिची छाती वाजायला लागली. अकोल्याच्या डॉक्टरनं फोटो काढला, उजेडात धरला आणि सांगितलं की फुप्फुसं थकली आहेत. बरी होणार नाहीत, पण सांभाळली तर चालतील. धूळ बिलकुल नको. यष्टीनं येणं बंद करा. गाडीनं आणा आणि काचा बंद ठेवा.

आता गाडी कुठून आणायची? जीप तर तोवर भंगारात गेली होती. घरोघरी मोटारसायकली झाल्या, जीपमध्ये बसायला माणूस उरला नाही. तेव्हा पुण्यात नोकरीला असलेल्या पोरानं, उत्कर्षनं, आईसाठी एक जुनी पण चांगली पांढरी गाडी घेऊन दिली. एसीवाली. पहिल्या दिवशी पुंजाजीनं ती बुद्धविहारापुढं उभी केली, मेणबत्ती लावली, वंदना घेतली आणि अर्ध्या गावाला आत बसवून थंडी हवा खाऊ घातली. मग गाडी नेऊन लावली ती जीपच्याच जुन्या जागेवर, म्हणजे घरामागच्या टिनाखाली, कुटाराच्या ढिगाला खेटून. कुटार मऊ, गाडीला ओरखडा जायचा नाही, असा त्याचा विचार. माया होती हो त्याची त्या गाडीवर. रोज ओल्या फडक्यानं पुसायचा, आणि पुसायची फडकी तिथंच पुढच्या बॉनेटच्या कडेला खोचून ठेवायचा.

हिवाळा गेला आणि चंपाबाई एक दिवस अकोल्याहून येताना म्हणाली, "अवो, गाडीत उंदराचा वास येते."

पुंजाजीला राग आला. पोरानं आईसाठी गाडी घेतली, अन् आईला तिच्यात उंदीर दिसतो! "गावात पाच जणाइकडं नाही अशी गाडी हाय आपल्याइकडं," तो म्हणाला, "आन् तुले उंदीर दिसून राह्यले."

"दिसत नाही. वास येते म्हनलं."

"मले तं नाही येत."

झालं. त्याला येत नाही म्हणजे नाहीच. पण बायको पुन्हा पुन्हा तेच म्हणायला लागली, गाडीत बसली की पदर नाकाला लावायला लागली, तेव्हा त्यानं शेलूबाजारातून गुलाबाच्या अत्तराची एक शिशी आणली आणि जिथून थंडी हवा येते त्या जाळीत अडकवली. वर एक उदबत्तीही लावली, काचा बंद करून. चंपाबाई त्या दिवशी इतकी खोकली की तिच्या डोळ्यांना पाणी आलं. आणि हा शहाणा म्हणतो कसा, "घे. आता अत्तराचंही वावडं झालं बाईले."

एसीची हवाही कमी कमी येत चालली होती. पंखा पूर्ण सोडला तरी म्हाताऱ्यानं चहावर फुंकर मारावी तेवढीच. पुंजाजीनं गॅस भरून आणला. तरी तेच. मग त्यानं आतल्या आत हवा फिरवायचं बटण दाबून ठेवलं, कारण बाहेरची धूळ आत यायला नको. डॉक्टरनं काय सांगितलं होतं? काचा बंद. हा माणूस डॉक्टरचा शब्द असा पाळायचा, की बायकोनं "जराशी काच खोला ना" म्हटलं तरी हात लावायचा नाही.

इथपर्यंत घरातली कुरबुर होती. चालायचीच. पण उन्हाळ्यात अनसिंगहून सांगावा आला.

अनसिंगला चंपाबाईची थोरली बहीण, गोजराबाई. माय लवकर गेली, तेव्हा या गोजराबाईनंच चंपाला कडेवर घेऊन वाढवलं, स्वतःच्या लग्नात मांडवात तिला मांडीवर घेऊन बसली, आणि चंपाच्या लग्नात तर अशी रडली की वऱ्हाडातली माणसं विचारायला लागली, ही पोरीची माय का? आता ती खाटेला खिळली होती. तिची लेक सपना फोनवर म्हणाली, "मावशी, माय तुलेच बलावून राह्यली. लवकर ये."

चंपाबाईनं त्याच पावली पिशवी भरली. एक लुगडं, गोळ्या, आणि बहिणीला आवडतात म्हणून तिळाच्या पोळ्या. आता तिला एकच गोष्ट हवी होती, गोजराबाईचे डोळे उघडे आहेत तोवर तिच्यापुढं जाऊन बसणं. दुसरं काही नाही.

ऊन मरणाचं. वाशिमचा रस्ता खोदलेला, डंपरांची रांग, लाल फुफाटा. पुंजाजीनं काचा बंद केल्या, बटण दाबलं, पंखा सोडला. थोडा रस्ता गेला आणि चंपाबाईची छाती वाजायला लागली. मग शिटी. मग तिचा हात काचेवर आपटायला लागला.

"काच खोला."

"बाहीर धूळ पाह्य ना किती! डॉक्टरनं काय सांगतलं?"

"मले दम नाही घेता येत. अंदर नाही येत. खोला वो."

त्यानं पुलाच्या आधी गाडी कडेला घेतली. ती दार उघडून उतरली आणि बाभळीच्या बुडाशी जाऊन बसली, डोकं गुडघ्यात घालून. बाहेर इतकी धूळ असूनही तिला हळूहळू दम यायला लागला. हे पुंजाजीनं पाहिलं. डोळ्यांनी पाहिलं, बरं का! एवढा गाडीतला जाणकार, चाक कोणतं बोलतं ते ऐकणारा. पण त्याच्या डोक्यात भलतंच शिरलं होतं. त्याला वाटलं, ही भ्याली. बहिणीला तसल्या हालतीत पाहायची हिची हिंमत नाही, म्हणून गाडीच्या नावानं खडे फोडते.

"जायाचं नसन तं सीधं सांग ना," तो तिच्यापुढं उभा राहून म्हणाला. "पोराच्या गाडीले कायले नावं ठेवतं?"

चंपाबाईनं वर पाहिलं. बोलायला दम नव्हता तिच्याजवळ. तिनं फक्त हात हलवला, पुढं चला असा. पुन्हा गाडीत बसली. पुन्हा शिटी. ओठ निळे पडायला लागले तेव्हा मात्र तो घाबरला, आणि पुढं न जाता मागं फिरला, मंगरुळपीरच्या दवाखान्यात. तिथं तिला वाफेचं औषध लावलं. ती वाफ घेत असतानाच सपनाचा फोन आला की माय गेली.

चंपाबाईला दवाखान्यातून सोडलं नाही. माती झाली ती तिच्याविना.

मग पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम. पुंजाजी बायकोविना गेला, गावातल्या एकाच्या मोटारसायकलवर मागं बसून. मांडव होता, पांढऱ्या कपड्यातली माणसं होती, भन्तेजींनी गाथा म्हटल्या. मग माईक आला, आणि एकेक नातेवाईक उठून दोन शब्द बोलायला लागला. पुंजाजीला माईक फार आवडायचा. जयंतीला तोच बोलायचा, कोणाची बदली झाली तरी तोच. त्यानं माईक हातात घेतला, गोजराबाईच्या कष्टाचं बोलला, लोकांच्या डोळ्यांत पाणी आणलं. तेवढ्यात पुढं बसलेल्या कोणीतरी बाईनं विचारलं, "चंपाबाई कुठी हाय?"

आता इथं खरं सांगता आलं असतं. दवाखान्यात होती, दम लागला होता. एवढंच. पण तो मनातून चिडलेला होता, आणि माईक हातात असला की त्याची जीभ त्याच्या ताब्यात राहत नसे. तो म्हणाला, "तिच्याच्यानं झालं नाही. गाडी दारात होती. मी अर्ध्या रस्त्यापोतर आणलंही होतं. पण मरणाच्या खाटेपाशी बसाले कलेजा लागते, तो साऱ्यायलेच नसते."

मांडवात माना हलल्या. सपना कोपऱ्यात बसली होती. तिनं मान हलवली नाही, पण त्या दिवसापासून तिनं मावशीला फोन करणं बंद केलं. चंपाबाईनं केला तर उचलणंही बंद.

माईकवरचं बोलणं आसेगावात पोचायला किती वेळ लागतो? पुंजाजी घरी यायच्या आधीच ते चंपाबाईच्या कानावर होतं. तिनं त्याला पाणी दिलं, जेवायला वाढलं. एक शब्द काढला नाही. तो वाट पाहत होता की ही भांडेल, तोंड वाजवेल, आणि मग तोही दोन बोलेल आणि मामला मिटेल. ती भांडलीच नाही. त्यानंतर ती गाडीबद्दलही काही बोलली नाही. अकोल्याला जायचं असलं की मुकाट्यानं बसायची, पदराचा बोळा नाकाशी धरायची, डोळे मिटायची आणि आल्यावर अंगणात खूप वेळ पडून राहायची. पुंजाजी लोकांना सांगायचा, "आता आदत झाली तिले गाडीची." गाढव कुठला!

पावसाळा सरला, सोयाबीन सोंगायला आली. दसऱ्याच्या सुट्टीत उत्कर्ष आला. पुंजाजी त्याला घ्यायला वाशिमच्या स्टेशनावर गेला. पोरगं गाडीत बसलं, दार लावलं, आणि लगेच उघडलं.

"बाबा, गाडीत काय मेलंय?"

"कुठी काय?"

"कुठी काय म्हणजे? वास येत नाही तुम्हाला?" उत्कर्षनं नाकावर रुमाल धरला होता. मग तो एकदम थांबला. "आईला याच गाडीतून नेता?"

हाच प्रश्न पुंजाजीच्या कानात असा बसला की पोरगं नंतर काय काय विचारत होतं, फिल्टर कधी बदलला, कुठं दाखवली गाडी, ते त्याला नीट कळलंच नाही. "फिल्टर तं मी सोताच झटकतो," एवढं तो म्हणाला. झटकायचा तो इंजिनचा, जीपचा झटकायचा तसा. दगडावर आपटून, पंक्चरवाल्याकडून हवा मारून.

"तो नाही बाबा. माणसांच्या हवेचा वेगळा असतो."

"माणसायच्या हवेचा?"

जन्मात काच न लावलेला माणूस तो. माणसाच्या हवेलाही गाळणी असते हे त्याला कोण सांगणार होतं, आणि सांगितलं असतं तरी हसला असता.

घरी न जाता दोघं शेलूबाजारला गेले. प्रेमसिंगचं गॅरेज पुंजाजीच्या जीपच्या जमान्यापासूनचं. प्रेमसिंगनं गाडीत डोकं घातलं आणि "अरे बापरे" म्हणून बाहेर काढलं. मग डाव्या सीटपुढचा खण रिकामा केला. गाडीचे कागद निघाले, चंपाबाईच्या गोळ्यांची पट्टी निघाली, गुलाबाची दुसरी शिशी निघाली. खणाच्या दोन्ही बाजू आत दाबल्या तसा तो खाली लोंबला. मागं एक लांबोडकं झाकण होतं, दोन चापांचं. प्रेमसिंगनं चाप काढले आणि आतलं ओढलं. येईना. अडकलं होतं. मग पक्कड लावून ओढलं, तेव्हा ते फाटत फाटत बाहेर आलं.

आधी सोयाबीनच्या शेंगांची टरफलं सांडली. मग कुटार. मग चिंध्या, बारीक कातरलेल्या. त्या पुंजाजीनं ओळखल्या. तीच त्याची गाडी पुसायची फडकी. चिंध्यांच्या आत वाळून चामडं झालेली उंदराची पिल्लं होती, एकावर एक. आणि ज्यावर हा सगळा संसार मांडला होता तो घड्यांचा कागद, तो मुळात पांढरा असतो म्हणे. तो काळा पडला होता, ओला होऊन वाळला होता, आणि कडेनं त्याच्यावर बुरशीची पांढरी लव होती.

"हे काय हाय?" पुंजाजीनं विचारलं.

प्रेमसिंगला वाटलं, तो थट्टा करतोय. मग त्याचं तोंड पाहिलं आणि नीट सांगायला लागला. पुढच्या काचेच्या खालच्या जाळीतून हवा आत येते. ती या कागदातून गाळून निघते, मग थंड होते, मग आपल्या नाकाशी येते. दर साल बदलायचा असतो. आपल्याकडच्या धुळीत तर दोनदा. हा बुजला की हवा कमी येते.

"आन् काच बंद केली, आतली हवा आतच फिरवली, तं?"

"तरी यातूनच भाऊ. तीच हवा यातून निघन, नाकात जाईन, पुन्हा यातच येईन. फिरून फिरून तेच."

पुंजाजीनं ते हातात घेतलं. सवयीनं त्याचा हात दगडाकडे गेला, झटकायला. प्रेमसिंगनं मनगट धरलं. "झटकू नका. हे धुवाचं नाही, झटकाचं नाही. फेकाचं." पण पुंजाजीनं फेकलं नाही. तो एका टायरवर बसला, ते मांडीवर घेऊन. मग लोकांसमोर, भर चौकाच्या तोंडावर, त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. उत्कर्ष घाबरला. "बाबा, काय झालं? बाबा?" त्याला काय सांगणार? तो पुण्याला होता. बाभळीच्या बुडाशी ती बसली होती तेव्हा तो नव्हता, आणि मांडवात माईक हातात होता तेव्हाही नव्हता.

नवा फिल्टर मिळाला तिथंच, शेजारच्या दुकानात. प्रेमसिंगनं आतला रस्ता हवेनं साफ केला, औषधाच्या पाण्यात भिजवलेलं फडकं फिरवलं, गाडीची चारही दारं उघडी टाकून पंखा सोडला. बसवताना पुंजाजी म्हणाला, "मी बसवतो."

"बसवा. त्याच्यावरच्या बाणाचं तोंड खाली, भाऊ."

त्यानं बसवला. चाप लागेना. दोनदा सटकला, तिसऱ्यांदा लागला. पंखा सोडला तसा जाळीतून हवेचा असा झोत आला की त्याच्या कपाळावरचे केस उडाले. तो खूप वेळ तिथं तोंड धरून बसला.

घरी चंपाबाई अंगणात बसून तूर निवडत होती. पुंजाजीनं वर्तमानपत्रात गुंडाळलेलं ते धूड तिच्यापुढं ठेवलं आणि उघडलं. ती जरा मागं सरकली. मग वाकून तिनं नीट पाहिलं, पिल्लं पाहिली, चिंध्या पाहिल्या.

"हे होतं अंदर," तो म्हणाला. "तुह्या तोंडासमोर."

ती पुन्हा सुपातले खडे वेचायला लागली.

"काहून नाही सांगतलं मले? बोंबलाचं होतं ना. काच फोडून टाकाची होती."

"सांगतलं होतं," चंपाबाई म्हणाली. चिडून नाही. डाळीत किती खडे निघाले ते सांगावं तसं. "सांगतलं होतं ना वो तुमाले."

तिनं सूप बाजूला ठेवलं, गुडघ्यावर हात देऊन उठली आणि विचारलं, "आता साफ झाली का गाडी?"

"झाली."

"मंग अनसिंगले चाला."

"आता? आता तिथं..." तो अडखळला.

"सपना हाय ना," ती म्हणाली.

उत्कर्षला घरीच ठेवून दोघं निघाले. सुरुवातीला चंपाबाईनं पदर नाकाशी धरलाच, हातालाच सवय झालेली. वाशिम मागं पडलं तशी तिची मूठ सैल झाली आणि पदर मांडीवर पडला. पुसदच्या रस्त्याला ती काचेबाहेर पाहत म्हणाली, "इकडची सोयाबीन निघाली वाटते सारी." किती महिन्यांनी गाडीत ती त्याच्याशी आपणहून बोलली होती. पुंजाजी नुसतं "हाव" म्हणाला, आणि त्याला पुढचा रस्ता नीट दिसेना. छातीला शिटी नव्हती. बाई साधा श्वास घेत होती, दुसऱ्या कोणत्याही बाईसारखा. याच रस्त्यानं उन्हाळ्यात तिला असंच नेता आलं असतं, हे त्याला कळत होतं, आणि ते आता कोणालाच बदलता येत नव्हतं.

सपनानं दार उघडलं. मावशीला पाहिलं आणि तोंडावर काहीच दाखवलं नाही. "या," म्हणाली, ते दोघांपैकी कोणालाच नाही असं. पाण्याचा तांब्या ठेवला आणि भिंतीला टेकून उभी राहिली. चंपाबाई भिंतीजवळच्या रिकाम्या खाटेकडे पाहत होती. बसायची हिंमत होत नव्हती तिची.

पुंजाजी पुरावा घेऊन आला होता. कोर्टात आणावा तसा, पिशवीत घालून. त्यानं ते काळं धूड बाहेर काढलं आणि मोठ्यानं बोलायला लागला, शेजारच्यांनाही ऐकू जाईल असं, कारण जे माईकवर बोललं ते कानात पुटपुटून मिटत नाही एवढं त्याला कळत होतं. "सपना, त्या दिवशी मी मांडवात बोललो ते खोटं होतं. तुही मावशी भेली नाही. तिले गाडीत दम घेता येत नव्हता. हे पाह्य, हे होतं गाडीत. ती सांगत होती आन् मी आयकलं नाही. तिचा काहीच कसूर नाही, पोरी. तिच्यावर राग धरू नको. माह्यावर धर."

सपनानं ते हातात घेतलं नाही.

"हे मले कायले दाखवता, मावसाजी?" ती म्हणाली. तिचा आवाज फाटला. "माय तं तवाच म्हणे."

"काय म्हणे?"

"सारे म्हणत होते, चंपा येत नाही, चंपाले वेळ नाही. माय म्हणे, असं होऊच शकत नाही. माही चंपी रांगत येईन. ती येत नाही म्हणजे तिले गाडीत दम लागत असन, आन् तो पुंजाजी काच खोलत नसन."

पुंजाजीनं ते धूड पुन्हा पिशवीत घातलं.

"आन् मंग तुमी माईकवर बोलले," सपना म्हणाली. आता ती रडत होती. "मले वाटलं, इतका जवळचा माणूस सांगून राह्यला म्हणजे खरंच असन. मायच येडी होती. तिची मरतानीची गोष्ट मी खोटी धरली ना, मावशी. तुले फोन नाही केला मी. मायले खोटं पाडलं."

चंपाबाई उठली आणि तिनं सपनाला जवळ घेतलं. दोघी खाटेवरच बसल्या. चंपाबाई बोटांनी खाटेची नवार चाचपत होती.

"अजून काय म्हणे ती?" तिनं विचारलं. "सांग मले. जे जे म्हणे ते सांग."

"ती खिडकी लावू नका म्हणे." सपनानं खाटेच्या उशालगतच्या खिडकीकडे बोट दाखवलं. "इतकी झळ येत होती, तरी लावू देत नव्हती. मी लावली की रडे. म्हणे, चंपी येऊन इथीच बसन. तिले हवा लागन."

चंपाबाईनं तोंडात पदर कोंबला, पण आवाज आलाच. मग तिनं पदर काढून टाकला आणि मोठ्यानं रडायला लागली, "माय वो, माह्या बाई," असं म्हणत, माती झाली त्या दिवशी रडायचं राहिलं होतं तसं. सपना तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. पुंजाजी दारात उभा होता. उभी हयात ज्या बाईच्या शेजारी काढली, तिचा दम त्याला ऐकू आला नव्हता, आणि तोच दम खाटेला खिळलेल्या गोजराबाईनं इथं अनसिंगमध्ये पडल्या पडल्या ऐकला होता. त्याला आत यायचं होतं. चंपाबाईनं एकदा जरी वर पाहिलं असतं तर तो आला असता. तिनं पाहिलं नाही.